कड्यावरचं देवीचं फूल

"मास्तर, आदी देवीच्या पाया पडा, मग फूल बघा," विठू गुरव मागून म्हणाला.

"आधी फूल," म्हणत श्रीपती मास्तर देवळामागे वळले.

दरवर्षी दसरा झाला की ते रत्नागिरीहून सर्व्हिस मोटारीने निघत आणि पुढे पायी सह्याद्रीच्या या कड्यावर चढत. देवळामागच्या कातळावर ओंजळभर मातीत ती पांढरी फुलं उमलत. शाळेत मास्तरांना कोणी विचारत नसे. घरी मालिनीबाई म्हणत, "लोकांचे नवरे बढती मिळवतात, आमचे डोंगर चढतात." हे फूल जगात दुसरीकडे कुठेही नाही, एवढा एकच अभिमान त्या माणसाजवळ होता.

"एके काळी पृथ्वी गारठली होती, विठू," ते दरवर्षी सांगत. "तेव्हा ही झाडं खालपर्यंत असतील. पुढे ऊन तापलं तशी खालची मेली. गारव्यामागे वर चढली तेवढी जगली. आता याच्यावर डोंगरच नाही."

गेल्या साली तिथे गुरं चरताना दिसली आणि मास्तरांचं धाबं दणाणलं. जन्मात देवाला हात न जोडलेल्या या गृहस्थाने विठूला कौल लावायला सांगितलं: हे फूल देवीचं आहे का? विठूने देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली, म्हणजे होकार. गुरं बंद झाली. अडाण्यांना त्यांच्याच देवीकरवी कसं गुंडाळलं, म्हणून मास्तर वाटभर हसत घरी गेले होते.

आज कातळ उघडा होता. मातीत नुसते खळगे.

"गुरं आली?" मास्तर खळग्यांपाशी उकिडवे बसले.

"गुरांची काय बिशाद? देवीचं फूल ना ता. नवरात्रात सगळ्या वाडीनं वाह्यलं. एक घर सुटलं नाय."

"पण कंद? कंद कुठे गेले?"

"देवीचं म्हटल्यावर मोडून कसं वाह्यचं, मास्तर? मुळासकट वाह्यलं."

हिमयुगातून वाचलेलं झाड एका नवरात्रात संपलं, आणि संपवलं ते मास्तरांच्या हुशारीने. त्यांना विठूच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मग वाटलं, स्वतःच्याच मारावी.

विठू गाभाऱ्यात जाऊन आला. "सगळ्यात शेवटचं. तुमचा मान म्हणून ठेवलंय." फूल काळं पडलं होतं. कंद सुकून चिंचोक्यासारखा टणक झाला होता.

विठू कौतुकाने बघत उभा होता. मास्तरांनी उजवा हात पुढे केला, प्रसाद घेतला, कपाळाला लावला. मग डोक्यावरची टोपी काढून त्यांनी ते फूल तिच्यात ठेवलं आणि बोडक्याने, रणरणत्या उन्हात, कडा उतरू लागले.