वळ उठला पाहिजे

माझ्या लाथेनं वळ उठत नव्हता. जहागिरीतली नोकरी मला त्यासाठी मिळाली होती, फुटबॉलसाठी नाही. हे कळायला मला आठ महिने लागले, आणि तोवर मी लाथा घालतच राहिलो. हे आधीच सांगून टाकतो. उगाच माझी कीव करायला बसू नका.

मी वाटूरचा भुजंग. जर्मनची लढाई संपली त्या साली जालन्याच्या एका जिनात कापसाच्या गाठी ओढत होतो. दिवस मावळायच्या आधी जिनामागच्या पडीक रानात आम्ही खेळायचो. चेंडू कुठला आलाय! गोणपाटात कापूस ठासून शिवायचा. भिजला की त्याचा धोंडा व्हायचा. त्या धोंड्यावर माझा उजवा पाय तयार झाला. बोटं नाही, पायाची पाठ. माझ्या चेंडूनं जिनाच्या पत्र्याला पोचे पडले होते.

ते पोचे बघून एक दिवस बद्रीनाथ जमादार थांबला. वाटूरपासून पाच कोसांवर एक जहागीर होती. जहागीरदाराची स्वतःची कोतवाली, स्वतःचे शिपाई आणि त्या शिपायांची फुटबॉलची टीम. जमादार या सगळ्यांचा बाप. टीम हैद्राबादला खेळायला जायची. तिथल्या मोठ्या टीमा चांगला गडी हेरून उचलायच्या. उचललेल्याला पगार नुसता खेळायचा. गाठी ओढायच्या नाहीत, कुणाला मुजरा घालायचा नाही, फक्त खेळायचं. मला दुसरं काही नकोच होतं.

"बूट हायेत का रे?" जमादारानं विचारलं.

"न्हाई जी."

"कधी घातले?"

"कधीच न्हाई."

बाजारात बैलाचा खूर बघतात तसा त्यानं माझा पाय उचलून बघितला, अंगठ्यानं दाबला. "बराबर हाय," म्हणाला. "घालू बी नको."

मला वाटलं, गड्यानं पायाची कदर केली.

सकाळी टीमबरोबर पळायचो, चेंडू मारायचो. मॅच असली की बाहेर बसायचो. "पुढच्या बारीला," जमादार म्हणायचा. तिसऱ्या आठवड्यात त्यानं मला हवालातीत बोलावलं. आत एक माणूस पडला होता. तोंडात बोळा, अंगावर ओलं पोतं.

"चल भुजंग, पेनल्टी मार," जमादार म्हणाला. दोन शिपाई खिदळले.

मी मारली. पोत्याखाली बरगडी वाजली ती माझ्या पायाला कळली. त्या दिवशी मी वांती केली. चौथ्या माणसाच्या वेळी वांती झाली नाही. मी भाकर खाल्ली.

हिशोब सोपा होता. लाठीनं वळ उठतो, बुटानं कातडं फाटतं. मार खाल्लेला माणूस जालन्याच्या कोर्टात मुन्सफापुढं उभा राहून अंगरखा काढतो आणि जहागीरदाराला ताप होतो. ओल्या पोत्यावरून अनवाणी लाथ बसली तर वरून माणूस कोराच्या कोरा. आतलं मुन्सफाला दिसत नाही. आठ महिन्यांत मी एकसुद्धा मॅच खेळलो नाही. हवालातीत मात्र माझी जागा पक्की होती.

मग कडूबाचं प्रकरण आलं. कडूबा साठीचा, काटकुळा. त्याच्या मळ्यातली विहीर उन्हाळ्यातही आटत नव्हती, आणि जहागीरदाराला संत्र्याची बाग करायची होती. मळा राजीखुशीनं सोडला, अशा कागदावर कडूबाचा अंगठा पाहिजे होता. तो देईना. एकदा मी त्याला तुडवलं. तो तसाच रांगत जालन्याला गेला, मुन्सफापुढं उघडा झाला. अंगावर काही नाही. मुन्सफ म्हणाला, पुरावा कुठं हाय? कडूबा परत आला. महिन्यानं आम्ही त्याला परत उचलला.

तो बुधवार होता. शुक्रवारी आमच्याच मैदानावर औरंगाबादच्या टीमशी मॅच होती आणि खेळाडू निवडायला हैद्राबादचा माणूस येणार होता. आमच्या कप्तानानं, यासीनभाईनं, मला बाजूला घेतलं. "डाव्या बाजूचा गडी तापानं पडलाय. जागा तुझी. जमादारानं फक्त हो म्हणायला पाहिजे."

मी पळत जमादाराकडं गेलो.

"कडूबाचा अंगठा आण, जागा घे," तो म्हणाला. "पण जल्दी कर. त्याची बायको कोर्टाचा चपराशी घेऊन आलीय. दोघं लिंबाखाली बसलेत. ऊन कललं की म्हातारा त्यांच्या हवाली करायचा मुन्सफाचा हुकूम हाय. तवर कागद झाला पाहिजे."

मी आत गेलो. जमादार बाहेर ओसरीवर बाजेवर बसून भाकर खाऊन राह्यला होता. मी कडूबाच्या अंगावर पोतं टाकलं, तीन लाथा घातल्या. खरं सांगतो, त्या वेळी मला कडूबा दिसतच नव्हता. मला डाव्या बाजूची चुन्याची रेघ दिसत होती.

"दे अंगठा," मी म्हणालो. "दे लेका म्हाताऱ्या!"

तो खोकला. रक्त थुंकला. मग हळूच म्हणाला, "तू वाटूरचा ना रे? कुनाचा?"

"तुला काय करायचंय?"

"काही न्हाई. लाथ चांगली हाय तुही. पर माह्या काही कामाची न्हाई."

मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. त्यानं मान वळवून गजाबाहेर बघितलं. ओसरीच्या खुंटीला टीमचे बूट टांगले होते, शुक्रवारसाठी तेल लावून. तळाला चामड्याचे सहा सहा वाटोळे ठोकळे ठोकलेले.

"असले बूट ह्या मुलखात दुसऱ्या कुनाजवळ हायेत?"

"न्हाई. आमच्याच टीमकडं."

"मंग ते घालून मार. वळ उठला पाहिजे. लाठीचा असला तर म्हनतील बैलानं मारलं, झाडावरून पडला. पर हे ठसे कोन्या बैलाचे म्हनतील?"

"मरशील."

"तुह्या हातून मी मरूनच राह्यलोय की. दाखवायला काहीतरी राहू दे." मग त्यानं विचारलं, "खेळतो म्हनं तू. कितीदा खेळला?"

मी पोतं सारखं केलं.

"एकदाबी न्हाई?" तो हसला. दातावर रक्त होतं. "माह्यावरच खेळला म्हन की."

सुरा खुपसावा तसं ते आत गेलं. जमादार मला शुक्रवारी बाहेरच बसवणार, हे मला त्या घडीला दिवसाच्या उजेडासारखं दिसलं. मी बूट घालून मैदानात गेलो, हैद्राबादला उचलला गेलो, तर त्याच्या हवालातीत लाथा कोण घालणार? घालू बी नको, म्हणाला होता तो. पहिल्याच दिवशी म्हणाला होता.

मी ओसरीवर आलो, यासीनभाईचे बूट खुंटीवरून काढले.

"बघ बघ, नवरदेव आत्ताच बूट घालून राह्यला!" जमादार तोंडातल्या घासासकट हसला. "अंगठा झाला का रे?"

"होऊन राह्यलाय," मी म्हणालो आणि आत जाऊन नाडी बांधली.

पोतं ओढून फेकलं. कडूबानं स्वतःच अंगरखा वर केला. "पाठीवर नको. छातीवर दे. आन दोन दे, एकानं म्हनतील चुकून पाय पडला."

मी तळवा दिला, सगळं वजन टाकून. तो ओरडला. बाहेरून जमादार ओरडला, "शाबास!" मी दुसरा दिला. काहीतरी कडकन मोडलं. सहा आणि सहा, बारा ठसे, आणि त्यांतून रक्त वर आलं.

जमादार शाईची डबी घेऊन आत आला. त्यानं छाती बघितली, माझे पाय बघितले. डबी त्याच्या हातातून पडली. पण ऊन कललं होतं. चपराशी दारात उभा होता आणि त्यानंही बघितलं.

कडूबाला बैलगाडीत घातलं. त्याच्या बायकोनं, झुंबरबाईनं, माझ्या पायातले बूट बघितले आणि धोंडा उचलून माझं कपाळ फोडलं. "रांडंच्या, तुहे पाय झडतील!" कडूबा गाडीतून काहीतरी म्हणत होता, पण त्याचा आवाज निघत नव्हता. मी कपाळ पुसलं नाही.

गाडी दिसेनाशी झाली तेव्हा त्यांनी मला धरलं. चौघांनी आडवा पाडला. उजवा पाय हवालातीच्या दगडी उंबऱ्यावर ठेवला. जमादारानं माझ्या पायातले बूट काढले आणि स्वतः घातले. यासीनभाईनं माझे खांदे दाबले होते. त्यानं तोंड फिरवलं, पण हात ढिले केले नाहीत.

"आठ महिने पोसला तुला," जमादार म्हणाला आणि उडी मारून माझ्या पायाच्या पाठीवर उतरला. पहिल्या उडीला मी ओरडलो. तिसरीनंतरचं मला आठवत नाही.

शुक्रवारी मी त्याच हवालातीत पडून होतो. पाय पखालीसारखा सुजला होता. मैदान भिंतीपलीकडंच. चेंडूवर बूट बसल्याचा आवाज यायचा, लोक ओरडायचे. डावीकडून एकही चेंडू नीट आत येत नव्हता, हे मला नुसतं ऐकून कळत होतं. आम्ही हरलो. हैद्राबादच्या माणसानं कुणालाच उचललं नाही.

मुन्सफानं कडूबाचा अंगरखा काढायला लावला, बूट मागवले आणि ठशांवर ठेवून बघितले. बराबर बसले. मळा कडूबाकडंच राहिला. जमादाराला सहा महिन्यांची सजा झाली. मला तीन. मीही मारलंच होतं.

सुटल्यावर लंगडत वाटूरला आलो. कडूबाचा मळा वाटेवरच आहे. तो माझे आभार मानत नाही. मी माफी मागितलेली नाही. झुंबरबाई अजून माझ्याकडं बघून थुंकते. उन्हाळ्यात तो उघडा बसून मोट हाकतो तेव्हा छातीवरचे ठसे लांबूनही दिसतात. मी उभा राहून बघतो. पहिल्या लाथेचे सहाही खोल आणि सारखे आहेत. दुसरीचे दोन पुसट आहेत. तिथं माझा घोटा थोडा हलला.

बूट पहिल्यांदाच घातला होता.