पूजेचे खुंट

चंद्रहास भावजी दोन वर्षं आमच्या दारात आले नव्हते. आमच्या ह्यांचे ते चुलतभाऊ. आगाशी गावात आमची वाडी संपते तिथे त्यांची सुरू होते, मधे एक कुंपण. त्या कुंपणावरूनच बिनसलं. हे गेले तेव्हा तेवढे आले, मान खाली घालून बसले आणि एक शब्द न बोलता उठले. माझीही जीभ काही कमी नाही, मीही नाही नाही ते बोलले असेन. जाऊ दे.

मग माझ्या मुलाचं, हितेशचं लग्न झालं. दुसऱ्या दिवशी सत्यनारायण. चौरंगाच्या चारही कोपऱ्यांना केळीचे खुंट हवेत आणि आमच्या राजेळीला मी कोयता लावू देईना. राजेळीच्या केळ्यांची सुकेळी होतात, सोलून उन्हात वाळवायची. आमच्या आळीत ही जात आता फक्त माझ्याकडे उरली होती, तीही सासूबाईंच्या हातची. हितेश बाजारात निघाला तर दारात भावजी. खांद्यावर चार खुंट. बुटके, ताठ, शेंड्याला पानांचा झुपका, अगदी चौरंगाच्या मापाचे.

"घरची केळ असताना बाजारात कशाला जातो रे?" म्हणाले.

मला रडूच आलं. त्या दिवशी ते पोटभर जेवले. नव्या सुनेला, ऋतिकाला म्हणाले, "सासू तिखट आहे हो तुझी, पाणी जवळ ठेवून बस." सगळे हसले, मीही हसले. पूजा उतरल्यावर खुंट त्यांनीच उचलले. देवाचं आहे, पायदळी यायला नको, म्हणून माझ्या राजेळीच्या बुंध्याशी नीट टेकवून ठेवले.

दोनेक महिन्यांनी राजेळीला नवी पानं आली ती अरुंद, ताठ, कडेला पिवळी. उलगडेचनात. शेंड्याला नुसती दाटी. मला वाटलं खत कमी पडलं, म्हणून शेण घातलं, पाणी वाढवलं. कसलं काय!

भावजींची लेक तेजस्वी दापोलीला शेतीचं शिकते. ती सुट्टीला आली तेव्हा भावजीच तिला घेऊन आले. तिने पानाचं देठ बुंध्यापासून जरा सोडवलं. आत काळपट बारीक किडे खच्चून बसलेले, वर मुंग्यांची ये-जा.

"मावा आहे, काकू," ती म्हणाली. "हा आजारी केळीचा रस पितो, मग चांगल्या केळीवर जाऊन बसतो. सोंड खुपसली की आजार आत गेला. याला औषध नाही. अशी केळ घड धरत नाही, आणि तिचे मुनवेही आजारीच निघतात."

मुनवा म्हणजे बुंध्याशी फुटलेलं पिल्लू. तेच लावून आम्ही केळ वाढवतो. म्हणजे तीही वाट बंद.

"बाहेरची केळ कुणी आणली होती का इथे? तोडलेली केळ सुकायला लागली की मावा तिच्यावरून उतरतो आणि जवळच्या ताज्या केळीवर चढतो."

माझी नजर भावजींकडे गेली. त्यांची बुंध्याशी, वाळून कोळ झालेल्या खुंटांवर.

"मीच आणली," भावजी म्हणाले. "आमच्याकडे चारपाच अशाच खुरटल्या होत्या. घड येणार नाही म्हणून पूजेला तोडल्या. घडाची केळ पूजेला कोण तोडतं?"

खरंच होतं त्यांचं. अख्ख्या आगाशीत कुणीही हेच केलं असतं. हे मला कळत होतं, आणि तरी माझ्या डोक्यात तिडीक गेलीच.

तेजस्वी म्हणाली, आधी फवारायचं, मग कंदासकट सगळं खणून काढायचं. दोन्ही वाड्यांतलं. विहिरीकडे एक केळ घडाला आली होती, पानं हिरवीगार. "तेवढी राहू दे गं," मी म्हटलं. तिने पान वाकवून उजेडात धरलं. शिरांवर गडद हिरव्या तुटक रेघा होत्या.

"हिलाही आहे, काकू."

खणलं ते भावजींनी एकट्याने. हितेशला कुदळीला हात लावू दिला नाही. आधी माझी वाडी, मग स्वतःची. विहिरीकडची केळ शेवटी पाडली आणि तिचा कोवळा घड आणून माझ्या पायरीवर ठेवला. ऋतिका चहा घेऊन आली. ते अंगणातच उभे.

"नको पोरी. वहिनींच्या दारात बसायला तोंड नाही मला."

एवढंच म्हणायचं होतं मला, बसा भावजी. ते थांबले होते त्याच्यासाठी, मला काय कळत नाही? पण त्यांच्या मागे सासूबाईंची वाडी नुसते खड्डे होऊन पडली होती, आणि माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. त्यांनी कुदळ उचलली आणि गेले.