शेवटचा परिच्छेद

बाईंनी कापडी पिशवी चांगली हलवली, डोळे मिटल्यासारखे करून आत हात घातला, आणि ज्या कागदाचा कोपरा घरीच किंचित दुमडून ठेवला होता, नेमका तोच बाहेर काढला.

"छोटी, आज तू वाच," त्या म्हणाल्या. आवाज होता होईल तेवढा रोजच्यासारखा ठेवला.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांशेजारी, दर गुरुवारी संध्याकाळी हा लेखनाचा वर्ग भरायचा. त्याची एक रीत होती. ज्याने त्याने आपलं लिखाण टाइप करून आणायचं आणि नाव न घालता पिशवीत टाकायचं. कागद काढायचा बाईंनी, वाचायचा दुसऱ्याच कुणी तरी, आणि ज्याचा असेल त्याने शेवटपर्यंत मूग गिळून बसायचं. 'मला तसं म्हणायचं नव्हतं' चालणार नाही, 'खरं तर माझ्या मनात असं होतं की' तर मुळीच नाही. रीत बाईंनीच घातलेली. तिच्यापायी सुरुवातीला एक-दोघं रुसून गेले ते पुन्हा फिरकले नाहीत. जे टिकले त्यांच्या ती अंगवळणी पडली.

आजचा कागद बाईंचा स्वतःचा होता. आणि असं याआधी कधी झालं नव्हतं.

त्यांची दोन पुस्तकं होती, पण ती त्यांची मुलगी शाळेत जात होती तेव्हाची. आता त्या मुलीची मुलगी शाळेत जाते. मधल्या काळात त्यांनी लोकांना लिहायला शिकवलं, लोकांचे कागद तपासले, समासात बारीक अक्षरांत खरडलं, आणि स्वतः काही म्हणजे काही लिहिलं नाही. कुणी 'आमच्या लेखिका' म्हणून ओळख करून दिली की त्या चष्मा पुसत बसायच्या. ही लबाडी आता त्यांना सोसवेना. म्हणून हिय्या करून हे लिहिलं होतं आणि मनाशी ठरवलं होतं की वर्गापुढे जाऊ दे. त्यात जीव नाही असं दिसलं, तर आजच खाली जाऊन वाचनालयाच्या सेक्रेटरींना सांगून टाकायचं, वर्ग बंद करा. नाव कळता कामा नये. नाव कळलं असतं तर ही भली माणसं तोंड भरून कौतुक करून मोकळी झाली असती.

छोटी वाचू लागली. ती वर्गातली सगळ्यात लहान, कॉलेजात जाणारी, आणि काहीही दिलं तरी बातम्या सांगितल्यासारखं वाचणारी. पहिला परिच्छेद संपल्यावर ती थांबली, पाणी प्यायली आणि तिने कॅशियरकाकांकडे बघितलं. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कंटाळले, बाईंना वाटलं. पहिल्या परिच्छेदातच कंटाळले.

गोष्ट एका सासूची होती. आयुष्यभर नाकावर माशी बसू दिली नाही, आता अंथरुणाला खिळलीय. सून तिला भरवते, कूस बदलून देते, आणि वर तिचीच बोलणी खाते. शेवटच्या परिच्छेदात सासू सुनेचा हात हातात घेते आणि म्हणते, "मुली, माझं चुकलं. तू होतीस म्हणून मी सुखाने जातेय." खिडकीतून कोवळं ऊन आत येतं.

छोटीने कागद खाली ठेवला. काका खुर्ची सरकवून टेलरताईंकडे वळले. ताईंचं चौकात शिवणकामाचं दुकान होतं, आणि त्यांच्या दर दुसऱ्या गोष्टीत एक सासू असायचीच.

"ताई, मोकळेपणी बोलू ना? राग मानायचा नाही हं."

ताईंनी रीतीप्रमाणे मान खाली घातली. बाईंचा जीव भांड्यात पडला. बिचाऱ्या ताईंवर सगळं शेकणार हे दिसत होतं, एरवी बाईंनी मध्ये पडून काकांना गप्प केलं असतं. आज त्या पेनाचं टोपण लावत-काढत बसून राहिल्या.

"सुरुवात झकास आहे," काका म्हणाले. "औषधाच्या बाटल्या मोजून ठेवते, उशीवर सुरकुती दिसली की सुनेला हाक मारते. ही बाई मला दिसली. पण शेवटाला त्या पलंगावर कुणी तरी दुसरीच म्हातारी आणून झोपवलीय."

सगळे हसले. बाईही हसल्या, पण जरा उशिरा.

"मला ते ऊन खटकलं," वहिनी म्हणाल्या. त्या कुणाच्या वहिनी हे आता कुणालाच आठवत नव्हतं, पण सगळा वर्ग त्यांना वहिनीच म्हणायचा. "बाई घसा कोरडा करून सांगतात, शेवटाला खिडक्या उघडू नका. तरी आपण उघडतोच."

"आणि ती सून एवढी चांगली कशी काय?" छोटी म्हणाली. "एकदाही राग येत नाही तिला? मी असते तर वाटी आपटली असती."

बाईंच्या ओठांवर आलं होतं की अहो, आपटली होती, दोनदा आपटली होती. त्यांनी ते गिळलं. या खुर्चीत गप्प बसणं किती अवघड असतं हे त्यांना आज कळत होतं. इतकी वर्षं त्या लोकांना खुशाल इथे बसवत आल्या होत्या.

काका चष्मा पुसत हळू आवाजात म्हणाले, "मला वाटतं, ज्याने हे लिहिलंय त्याचा त्या म्हातारीवर फार जीव होता. माफी लिहिणाऱ्याला हवीय. म्हातारीला त्याची काही गरज नाही. तिने खरं काय केलं हे लिहायचा धीर झाला नाही, म्हणून तिला शहाणी करून टाकली. ते खरं लिहिलं ना, तर ही गोष्ट मी घरी बायकोला वाचून दाखवीन. आणि मी घरी काय वाचून दाखवतो ते तुम्हाला माहीत आहे."

सगळ्यांना माहीत होतं. काका घरी वर्तमानपत्रसुद्धा वाचून दाखवत नसत.

"ठीक," बाई म्हणाल्या. "पुढचा कागद." आणि पिशवीत हात घातला. या वेळी मात्र खरोखर न बघता.

वर्ग सुटल्यावर त्यांनी टेलरताईंना जिन्यात गाठलं. दुसऱ्याच्या वाटची बोलणी त्यांनी निमूट ऐकून घेतली, ते बाईंना फार लागलं होतं.

"ताई, थांबा जरा. मघाशी तुम्हाला उगाच... म्हणजे, ते तुमचं नव्हतं ना?"

"नव्हतं," ताई म्हणाल्या. "शाळांच्या गणवेशांची घाई चाललीय, डोकं वर काढायला फुरसत नाही. मी आज काही आणलंच नव्हतं. आल्या आल्या सांगितलं की मी सगळ्यांना. तुम्ही तेव्हा वर यायच्या होतात."

बाईंनी कठडा धरला.

"सगळ्यांना? काकांनाही?"

"त्यांनाच तर आधी. ते लगेच विचारतात, आणलंत का म्हणून."

"मग ओळखलंत कधी?"

"पहिल्याच परिच्छेदात. आमच्या समासात एवढं लिहिता तुम्ही, आम्ही तुमचं वाक्य ओळखणार नाही होय? काका माझ्याकडे वळले तेव्हा कळलं मला, आपण मान खाली घालायची. समोर तोंड केलं असतं तर हसू फुटलं असतं."

"आणि तरीही सगळे एवढं बोललात?"

ताईंना प्रश्नच कळला नाही.

"का? नव्हतं बोलायचं?"

ताईंनी हातातली पिशवी खांद्यावर टाकली, "पुढच्या गुरुवारी मी नक्की आणते. तुम्हीही आणा," म्हणाल्या आणि भराभर उतरून गेल्या. दुकानात कापड कापायचं राहिलं होतं.

बाई तिथेच पायरीवर बसल्या. डोळे भरून आले ते त्यांनी भरू दिले, बघायला तसंही कुणी नव्हतं. पहिलं पुस्तक हातात आलं होतं तेव्हाही त्यांना असं वाटलं नव्हतं. या माणसांना त्यांनी काय दिलं होतं, तर खाडाखोड. आणि ती या माणसांनी जपून ठेवली होती, वेळ आल्यावर हातचं काही राखून न ठेवता परत केली होती. ओळख दाखवून बाईंना एका शब्दानेही अवघडू दिलं नव्हतं. किती मोठ्या मनाची ही माणसं, आणि आपण आज दुकान गुंडाळायला निघालो होतो, या विचाराने त्यांना स्वतःचाच राग आला.

खाली सेक्रेटरी केबिनच्या दारात उभे होते.

"बाई, काही बोलायचं होतं म्हणाल्या होतात?"

"हो. वरचा पंखा फार खडखडतो. गुरुवारच्या आत बघा तेवढं."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा फिरायला गेल्यावर त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. शेवटच्या परिच्छेदावर आडवी रेघ मारली, हात गेला, ऊन गेलं, खिडकी गेली. मग जे खरोखर झालं होतं ते लिहायला घेतलं. फार आठवावं लागलं नाही.

सासूबाईंची लेक दर रविवारी यायची. लाडीगोडी लावत उशाशी बसायची, चमचा ओठांपाशी न्यायची. पण सासूबाईंनी तिच्या हातून कधी घास घेतला नाही. दात घट्ट मिटून घ्यायच्या. लेक रडवेली होऊन उठली की मग सुनेला बोलावणं यायचं. शेवटच्या दिवशीही आलं. सून सुपाची वाटी घेऊन गेली. पहिला चमचा घशाखाली उतरायला बराच वेळ लागला. मग सासूबाई म्हणाल्या, "अळणी आहे. इतकी वर्षं झाली, तुला अजून जमत नाही."

आणि पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं.