मार्गितचा चेहरा

बर्गेनच्या मासळीबाजारात मासे कापता कापता कोळीण लिवनं वर पाहिलं, आणि सुरी टाकून ती मागे सरली.

"मार्गित?"

"नाही हो. मी आस्ट्री. काल गाडीनं आले, याइलोहून."

"देवा रे! माफ करा हं बाई. मार्गितला आम्ही हिवाळ्यातच पुरलं. नाक-डोळे सोडा, उभं राहणंसुद्धा तिचंच!"

आस्ट्री हसली खरी, पण हात आपोआप स्वतःच्या गालाकडे गेला. डोंगरातल्या याइलोत, वृद्धाश्रमाच्या चादरी धुण्यात तिची हयात गेली होती. नवरा नाही, भावंड नाही. निवृत्त झाल्यावर समुद्र पाहायचा म्हणून ती जन्मात पहिल्यांदा बर्गेनला आली होती. काल लाकडी घरांच्या बोळात एका बाईनं तिला पाहून धाडकन दार लावलं होतं. त्याचा अर्थ आता लागला.

"आज धक्क्यावर जाऊ नका," लिव हळूच म्हणाली. "तिचा नवरा बसतो तिथं. ओइविंड."

पण समुद्र पाहायचा तर धक्क्यावाचून कुठं जाणार? पाऊस भुरभुरत होता. धक्क्यावरच्या बाकाखालून एक म्हातारं कुत्रं उठलं, शेपूट हलवत सरळ तिच्याकडे आलं आणि पायांवर हनुवटी टेकून पडलं. आस्ट्रीला पाय उचलवेना.

बाकावरच्या म्हाताऱ्यानं मान वळवली. तो दचकला नाही. नुसता बाजूला सरकला.

"अहो, मी ती..."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "डोकं ठिकाणावर आहे माझं. फक्त बोलू नका. आवाज तिचा नसणार."

ती बसली. तो तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. उठून पळावं असं वाटत होतं, आणि इतकं कुणी आपल्याकडे कधी पाहिलंच नव्हतं, हेही कळत होतं. बोटी आल्या, गेल्या. बऱ्याच वेळानं त्यानं तिचा ओला रुमाल डोक्यावर पुढं ओढून दिला, कुत्र्याला हाक मारली आणि तो निघून गेला.

तिसऱ्या दिवशी ती परत निघाली. गाडी सुटायच्या वेळी तो फलाटाच्या टोकाला दिसला. हात वर नाही, काही नाही. नुसता उभा. आस्ट्रीनं हात हलवला नाही. हात हलवायची तऱ्हा आपली निघायची, मार्गितची नाही. तिनं चेहरा काचेजवळ नेला, आणि बोगद्याचा अंधार येईपर्यंत तो तसाच, न हलवता, धरून ठेवला.