पाठीचा पिवळा पट्टा

मित्रांनो, नाटकातलं एक म्हातारं चिलखत तुमच्याशी बोलतंय. लढाई मी कधी पाहिली नाही. दिसायला लोखंड, आत नुसता फोम. नाव चिलखत आणि बोट दाबलं तर खळगा पडतो, अशी माझी गत. आता सामानाच्या खोलीत एका लाकडी पुतळ्याच्या छातीवर मी दिवस काढतो. पुतळा काही बोलत नाही.

मला एका लेकीने आपल्या वडिलांसाठी घडवलं. वडील नाटकमंडळीत म्हाताऱ्या सेनापतीचं काम करायचे. सगळे त्यांना सरदार म्हणत. त्यांच्या आधीच्या चिलखताचे पट्टे पाठीवर होते आणि ते त्यांची बायको लावून द्यायची. ती वारली. मग सरदार लेकीच्या कामाच्या खोलीत आले आणि म्हणाले, "माझं मला घालता येईल असं कर. मला कुणाची मिनतवारी करायची नाही."

लेकीने टेबलभर पट्टे मांडले. वेल्क्रो लावून पाहिलं, पण सेनापती मरतो त्या शांत प्रसंगात ते चर्र करून बोललं असतं. इलॅस्टिक घामाने सैल पडतं. शेवटी कातड्याचे पट्टे ठरले आणि बकलं दोन्ही कुशींना आली, सरदारांचा हात पोचेल अशी. रंगाचाही घोळ झाला. रुपेरी पट्टे दिव्यांत चमकले, काळे लांबून चिरा पडल्यासारखे दिसले. तेव्हा तिने ते आतल्या डगल्यासारखे मातकट रंगवले आणि ते दिसेनासे झाले. लोक म्हणायचे, चिलखत कसं अंगचंच वाटतं.

सरदार मात्र आता दार लावून एकटेच तयार होत. खेळ संपला की एकटेच मला उतरवत, एकटेच जेवत. मी त्यांच्या छातीला लागून असे, म्हणून मला ठाऊक आहे. नाटकातली वाक्यं सोडली तर तिथून दिवसचे दिवस शब्द निघत नसे.

एकदा लेक खेळ बघायला आली. तिने ते बंद दार पाहिलं. दुरुस्तीच्या नावाखाली तिने मला घरी नेलं, खालचं बकल कुशीवरून उसवलं आणि पाठीच्या मधोमध येईल असं बसवलं. त्याचा पट्टा रंगवला पिवळाधमक. वरून झगा येत असल्याने प्रेक्षकांना तो दिसणार नव्हता. पडद्यामागच्या अंधारात दुसऱ्या कुणाला तरी तो सापडावा, एवढ्यासाठी तो रंग.

सरदार तडकले. "अगं, हा मला पोचत नाही."

"माहीत आहे, बाबा."

"मग लावायचा कसा?"

"कुणाला तरी सांगायचं."

"आईवर गेलीस अगदी."

पुढच्या खेळाला त्यांनी दार लावून हात मागे वळवून पाहिला, भिंतीला पाठ घासून पाहिली. घंटा झाली. तसेच गेले असते तर मी भर रंगमंचावर खालून सुटून लोंबकळलो असतो. अखेर त्यांनी दार उघडलं. बाहेर लंबू उभा होता, दर खेळात त्यांना तलवारीने मारणारा उंच नट. सरदार मुकाट्याने त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"काय झालं, सरदार? रागावलात का?"

"नाही रे. तेवढा पिवळा पट्टा लाव. फार आवळू नकोस, मरायलाही श्वास लागतो."

लंबू हसला. किती दिवसांनी माझ्याखालची ती छातीही हसण्याने हलली. त्यानंतर ते दार उघडंच राहू लागलं.

आता सरदार नाहीत आणि ते नाटकही बंद पडलं. माझं कातडं तडकत चाललंय. पुतळ्याला घालताना कुशीची बकलं लावली गेली, मागचं तसंच राहिलं. पुतळा भिंतीला टेकलेला, मागे कोण बघतो?

मित्रांनो, जुन्या पट्ट्यांना अधूनमधून तेलाचं बोट लावत जा. आणि कुणी तुमच्याकडे पाठ करून मुकाट उभं राहिलं, तर रुसलंय म्हणून निघून जाऊ नका. जरा जवळ जा. त्याचा एखादा पट्टा लावायचा राहिला असेल.