काट्यावरचा शेवटचा चिकू

श्रुतिकाला मार्केटिंगमधलं सगळं कळत होतं, फक्त चिकू खपत नव्हते.

बीएमएसच्या दुसऱ्या वर्षाला असलेली ही पोरगी रविवारी सकाळी डहाणूहून घोलवडला आली, ती पाठीला लॅपटॉप आणि काखेत रंगवलेला बोर्ड घेऊन. तिच्या सुधामावशीची चिकूची वाडी बोर्डीच्या रस्त्याला लागून, आणि फाटकाशी चिकूचा ठेला. मावशीला रानशेतला लग्नाला जायचं होतं. जाताना तिने पिकलेल्या चिकूंचे चार क्रेट दाखवले.

"हे आजच गेले पाहिजेत, उद्या लगदा होईल. संध्याकाळपर्यंत खपवलेस तर महिनाभर ठेला तुझा, कर काय तो कॉलेजचा प्रोजेक्ट. नाही खपले तर बोर्ड उचलायचा आणि गुमान घरी जायचं."

श्रुतिकाला तो ठेला मनापासून हवा होता. 'थेट वाडीतून तुमच्या हातात' हा बोर्ड तिने असा झोकात लावला की गाड्या खरंच थांबू लागल्या. माणसं उतरायची, फोड चाखायची, किलोभर मागायची. इथवर सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. मग श्रुतिका दोन्ही हातांनी चिकू काट्यावर ओतायची, काटा बाराशे ग्रॅम दाखवायचा आणि ती वरचे दोन उचलून क्रेटमध्ये परत टाकायची. किलो म्हणजे किलो, बाईसाहेबांचा हिशेब चोख.

गिऱ्हाइकाचा चेहरा नेमका तिथेच पडायचा. वापीच्या एका बेनने तर तोंडावर विचारलं, "दीकरी, आपीने पाछुं लई ले छे?" दिलेलं परत काय घेतेस, म्हणून रुसलेली ती बाई अर्धाच किलो घेऊन गेली. बाकीचे "येताना घेतो" म्हणाले. येताना कोणीच थांबलं नाही. दुपारी बारापर्यंत कसाबसा एक क्रेट संपला, आणि श्रुतिकाला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

रस्त्यापलीकडे झाडाखाली चंपामावशी ताडगोळे विकत होती. ना बोर्ड, ना लॅपटॉप, आणि पाटी निम्मी रिकामी. घसा सुकला म्हणून श्रुतिका तिच्याकडे गेली आणि सहा ताडगोळे मागितले. चंपाने पानात पाच ठेवले, जरा थांबली, पाटीत शोधून एक मोठा काढला आणि वर ठेवला. "हा घे बाय, उन्हात बसलीस तू."

श्रुतिका इतकी खूश झाली की सुटे पैसेही परत न घेता निघाली. अर्ध्या रस्त्यात तिने मोजले. सहा. सहाच मागितले होते. ती तिथेच उभी राहिली आणि मागून टेम्पोवाल्याने हॉर्न मारला तेव्हा कुठे हलली.

त्यानंतर ती काट्यावर आधी आठच चिकू ठेवू लागली. मग एक निवडून. मग गिऱ्हाइकाकडे बघत आणखी एक. काटा किलोवरच थांबायचा, पण घेणारा हसत जायचा, आणि दोघे-तिघे तर येताना खरंच थांबले. आपण माणसांना फसवतोय की खूश करतोय, हे तिला ठरवता येईना. पण चिकू जात होते, त्यामुळे तिने ते रात्रीच्या रिपोर्टवर ढकललं.

उन्हं उतरताना क्रेटच्या तळाशी डझनभर चिकू उरले होते. तेवढ्यात चंपा रस्ता ओलांडून आली. "किलोभर दे."

श्रुतिकाने आठ ठेवले, एक वाढवला, दहावा काट्यावर ठेवत गोड हसली. "आणि हा तुमच्यासाठी, चंपामावशी."

चंपाने वाकून काट्याचे आकडे वाचले. "किलोच झाला की. माझ्यासाठीचा कुठेय?"

श्रुतिकाचे कान लाल झाले. "दुपारचे ताडगोळे पण सहाच होते," ती पुटपुटली.

"सहाच होते," चंपा म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या.

श्रुतिकाने क्रेटमधले उरलेले दोन्ही चिकू काट्यावर ठेवले. मागे रिक्षा थांबली होती. लग्नाची साडी सावरत सुधामावशी उतरली, तिने चारही रिकाम्या क्रेटांवरून नजर फिरवली आणि मग काट्याकडे बघितलं.

"अगं, बाराशे झाले. दोन काढ."

"नाही काढत," श्रुतिका म्हणाली आणि पिशवीला गाठ मारून तिने ती चंपाच्या हातात दिली.

सुधामावशीने गल्ल्याची किल्ली कमरेची सोडली आणि श्रुतिकापुढे ठेवली. "उद्या सातला उघड."