मागच्या चाकाची ओल

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. जुन्या करड्या गाडीपुढे चौरंगावर डुकराचं उकडलेलं मुंडकं आणि तांदळाच्या वड्या मांडल्या होत्या. देवऋषीण मालसुनने चारही चाकांवर तांदळाची पांढरी दारू, माक्कॉली, ओतली. तीन चाकं उन्हात वाळली. मागचं डावं ओलंच राहिलं.

"तुमचे धनी तिथं बसलेत," मालसुन गाडीच्या मालकिणीला, विधवा ऑकबुनला, म्हणाली. "प्यायले, आता रडतायत. वास घ्या त्यांचा."

"जिवंतपणी थेंब घेतला नाही, आणि आता बघा," एक शेजारीण कुजबुजली.

वास खरंच येत होता, पेट्रोलचा. ऑकबुनच्या नवऱ्याने जन्मभर बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त केली. त्याच्या हातांना हाच वास असे. त्यांची मुलगी सुग्यॉंग शाळेत रसायनशास्त्र शिकवी. तिच्याही अंगावर काटा आला. मागे वळलं तर बाबा उभे असतील, असं तिला क्षणभर वाटलं. ती वळली नाही.

"ब्रेक दाबला की खाली खाली जातो म्हणालात ना, ऑकबुनताई? तेच तुमचा पाय ओढतायत. उद्या घाट उतरून थडग्यावर जा, मोकळे होतील. टाकी मात्र अशीच काठोकाठ हवी. उपाशी आत्मा प्रवास करत नाही."

"तुम्ही आमच्याबरोबर गाडीतच बसा ना," सुग्यॉंग म्हणाली.

"मी बसने येईन. माझ्या देवाला गाडीत मळमळतं."

सुग्यॉंगने वाकून चाकाच्या आतल्या बाजूला बोट लावलं. माक्कॉली वाळून पांढरी पापडी धरते. हे तपकिरी होतं, बुळबुळीत होतं, आणि त्याने चाकाचा रंग सोलला होता.

"आई, आत बस. ब्रेक दाब."

थेंब पडला.

"सोड."

थेंब थांबला.

"पुन्हा दाब."

पुन्हा पडला. आता सगळेच वाकून पाहत होते.

"बाबा तुझ्या पायाच्या इशाऱ्यावर रडतात का गं?" सुग्यॉंग हळूच म्हणाली. "चाकातल्या ब्रेकचं रबर झिजलंय. ब्रेकचं तेल तिथून गळतं, म्हणून पॅडल खाली जातं. उद्या घाटात ते तळाला टेकलं असतं आणि ब्रेक लागलाच नसता."

"आणि वास?" ऑकबुनने विचारलं.

"कधीपासून येतो?"

"मागल्या आठवड्यात मालसुनबाईंनी टाकी भरायला सांगितली, तेव्हापासून."

"टाकी अर्धी असताना?"

ऑकबुनने स्टिअरिंगवरून हात फिरवला. "तेव्हा ते येत नाहीत."

सुग्यॉंगने वाकून पाहिलं, टाकीच्या तोंडाशी रबरी नळी चिरली होती. पेट्रोल तिथवर चढलं तरच पाझरत होतं.

"पोरगी शिकली आणि बापाला विसरली," मालसुन म्हणाली.

"मागल्या आठवड्यात चाकाची ओल आईला तुम्हीच दाखवलीत. तेव्हा माक्कॉली कुठे ओतली होती?"

मालसुनने घुंगरं पिशवीत भरली.

गाडी दुसऱ्या गाडीला बांधून गॅरेजात गेली. गेलेलं माणूस आठवणारच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ओल दिसली तर तिला नाव देण्याआधी बोट लावून पाहावं, वास आला तर तो कुठून येतो ते शोधावं. आपलं दुःख दुसऱ्याच्या हाती दिलं की तो ते आपल्यालाच विकतो.

दुरुस्त होऊन आलेल्या गाडीत ऑकबुन काचा वर करून बसली. दीर्घ श्वास घेतला. कसलाच वास नव्हता. तिचे डोळे भरले.

मग तिने ब्रेक दाबला आणि दाबून धरला. नवरा असंच करायचा, गाडी हलवण्याआधी, रोज. पॅडल जागचं हललं नाही.

"चल," ती मुलीला म्हणाली, "त्यांना भेटून येऊ."